कबुतराचा दाणा आणि प्रथिनांचा हिशेब

पुण्याच्या जुन्या पेठांत अजूनही काही घरांच्या गच्चीवर कबुतरांच्या ढाबळी दिसतात. आमच्या ओळखीच्या एका नववीतल्या मुलाने अशीच एक लहानशी ढाबळ केली आहे. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस तो माझ्याकडे आला तो रडवेला होऊनच. त्याच्या एका जोडीची पिले लागोपाठ दोन वेळा दगावली होती. दोन्ही वेळा अंडी नीट फुटली आणि पहिला आठवडा पिले भराभर वाढली. मात्र दहा-बारा दिवसांची होताच त्यांची वाढ खुंटली. पिसे नीट फुटली नाहीत आणि पुढच्या चार-पाच दिवसांत ती मेली.

“खायला काय घालतोस?” मी विचारले.

“ज्वारी. अगदी पोटभर.”

कुणीतरी त्याला सांगितले होते, की पिलांना प्रोटीन कमी पडते. व्यायामशाळेत जाणाऱ्या थोरल्या भावाचा प्रोटीन पावडरचा डबा घरात होताच. “त्यातली पावडर कबुतरांच्या पाण्यात कालवू का?” असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न चांगला होता. निदानही बरोबर असण्याचा संभव होता. उपाय मात्र चुकीचा होता. तो का चुकीचा, हे समजून घेताना जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडे अंकगणित अशी तिन्ही विषयांची उजळणी होते. म्हणून तो सगळा हिशेब येथे मांडतो.

आईचे आणि बापाचेही दूध

चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या आणि किडे भरवते. पिलाला भराभर वाढायचे असते आणि त्यासाठी लागणारी प्रथिने नुसत्या दाण्यांतून पुरी पडत नाहीत. कबुतर मात्र किडे शोधत हिंडत नाही. त्याने वेगळीच सोय केली आहे.

पक्ष्यांच्या अन्ननलिकेला गळ्याच्या तळाशी एक पिशवी असते. खाल्लेला दाणा प्रथम तीत साठतो. तिला अन्नपुट म्हणतात. अंडी उबवत असतानाच कबुतराच्या अन्नपुटाचे अस्तर जाड होऊ लागते. अस्तरातील पेशी प्रथिने आणि मेद यांनी भरतात, सुटून पडतात आणि त्यांचा दह्याच्या गोळ्यांसारखा पदार्थ तयार होतो. पिलू आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसून तो खाते. हेच कबुतराचे दूध. नर आणि मादी दोघांनाही ते येते. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यविशारदाने १७८६ साली त्याचे वर्णन केले होते. पुढे १९३३ साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या संप्रेरकाला प्रोलॅक्टिन हे नाव दिले, त्याची परीक्षा त्यांनी कबुतराचे अन्नपुट किती वाढते यावरूनच केली होती. माणसाच्या आईला दूध येते तेही याच संप्रेरकामुळे.

या दुधात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. पाणी वगळून उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक प्रथिने आणि साधारण एक तृतीयांश मेद असतो. गाईच्या दुधात असते ती दुग्धशर्करा यात मुळीच नसते. असा खुराक मिळाल्यावर जन्मतः १५ ते १८ ग्रॅमचे पिलू सुमारे दोन दिवसांत दुप्पट होते. माणसाच्या बाळाला वजन दुप्पट करायला चार-पाच महिने लागतात.

दूध सुटते, वाढ थांबत नाही

पहिले तीन-चार दिवस पिलू केवळ या दुधावर असते. मग आईबाप त्यात भिजून मऊ झालेले दाणे मिसळू लागतात. दहा दिवसांच्या सुमारास खाण्यात दाणेच जास्त असतात आणि दूध संपत येते. पण पिलाची वाढ तर अजून व्हायची असते. साधारण चार आठवड्यांत त्याला ३०० ग्रॅमच्या आसपास पोचायचे असते. शिवाय याच काळात सगळी पिसे फुटतात आणि पिसे म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनच, आपल्या नखांत आणि केसांत असते ते केराटिन.

आता त्या मुलाची ज्वारी आठवा. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रथिने असलेल्या अन्नावरून पिलू एकदम दहाव्या हिश्श्यावर येते. पहिल्या आठवड्यात ठणठणीत दिसणारे पिलू दुसऱ्या आठवड्यात का मागे पडले असावे, याचा एक धागा येथे सापडतो. पिलाच्या तोंडात जाणारा प्रत्येक दाणा आधी आईबापांनी उचललेला असतो. म्हणून पिलाचा आहार सुधारायचा तर आईबापांपुढची ताटली सुधारायला हवी, आणि तीही अंडी फुटण्याच्या आधीपासून.

अडलेला खिळा

मग ज्वारीऐवजी नुसती कडधान्येच घालावीत का? त्यांत तर प्रथिने दुपटीहून अधिक असतात.

प्रथिने ही सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करीत. बाकीची सगळी अक्षरे खणाखणांत भरलेली असली, तरी एका ‘ळ’चे खिळे संपले, की पान तेथेच अडे. शरीराचेही तसेच आहे. प्रथिन जुळवताना एक आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले, की बाकीची असूनही काम थांबते आणि ती जाळली जातात.

ज्वारी, बाजरी, गहू यांत लायसीन कमी असते. कडधान्यांत लायसीन भरपूर असते, पण मिथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. पिसांच्या केराटिनला गंधकयुक्त अमिनो आम्लेच तर भरपूर लागतात. म्हणजे धान्य एकटे अपुरे आणि कडधान्यही एकटे अपुरेच. दोन्ही एकत्र आली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ, किंवा तांदूळ आणि मुगाची खिचडी, ही जोडी आपल्या स्वयंपाकघराने केव्हाच जमवली आहे. कबुतरालाही तीच मानवते.

दोन मापे बाजरी, एक माप मटकी

आता अंकगणित. आपल्याकडच्या आहार-कोष्टकांनुसार दर १०० ग्रॅममध्ये प्रथिने साधारणपणे अशी असतात (वाण आणि जमीन यांप्रमाणे आकडे थोडे बदलतात):

ज्वारी – १०.४ ग्रॅम
बाजरी – ११.६ ग्रॅम
गहू – ११.८ ग्रॅम
वाटाणा (वाळलेला) – १९.७ ग्रॅम
मटकी – २३.६ ग्रॅम
मूग – २४ ग्रॅम
मसूर – २५.१ ग्रॅम

एरवी मोठ्या कबुतराला १२ ते १४ टक्के प्रथिने पुरतात. पिले भरवणाऱ्या जोडीला १५ ते १८ टक्के हवीत. समजा, आपल्याला १६ टक्के हवीत आणि हाताशी बाजरी व मटकी आहे. मटकी १६ पेक्षा ७.६ ने वर आहे आणि बाजरी १६ पेक्षा ४.४ ने खाली आहे. हे फरक उलट लावायचे, म्हणजे बाजरीचे ७.६ भाग आणि मटकीचे ४.४ भाग. एकूण भाग १२. यावरून एक किलो मिश्रणात बाजरी सुमारे ६३३ ग्रॅम आणि मटकी ३६७ ग्रॅम येते. ताळा करून पाहा. बाजरीतून ७३.४ ग्रॅम आणि मटकीतून ८६.६ ग्रॅम, मिळून १६० ग्रॅम. म्हणजे बरोबर १६ टक्के.

घरात तराजू नसला, तर वजनाने दोनास एक हे प्रमाण अंदाजाने धरले तरी चालते. त्यातून १५.६ टक्के मिळतात. बाजरीच्या जागी ज्वारी घेतली, तर मात्र दोनास एक या प्रमाणात १४.८ टक्केच येतात, म्हणून मटकी जरा वाढवावी. एकाच कडधान्याऐवजी मटकी, मूग, वाटाणा असे दोन-तीन प्रकार मिसळणे अधिक चांगले.

मोड आणल्याने मटकीतील प्रथिने वाढतात, असा एक समज आहे. मोड आल्यावर दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे दर १०० ग्रॅममागे प्रथिने उलट कमीच भरतात. शिवाय ओली मटकी ढाबळीत उरली, तर तिला बुरशी येते. कोरडा, स्वच्छ, कीड नसलेला दाणाच बरा.

ताटलीतले आणि पोटातले

हा हिशेब ताटलीत घातलेल्या दाण्याचा झाला. कबुतर मात्र निवडून खाते. आवडीचा दाणा आधी उचलते, नको तो बाजूला टाकते. ताटली भरभरून ठेवली, तर ही निवड फारच सोपी होते. वरच्या एक किलो मिश्रणातली सगळी बाजरी खाल्ली गेली आणि २०० ग्रॅम मटकी तशीच उरली असे समजा. पोटात गेले ८०० ग्रॅम. त्यांत प्रथिने ७३.४ अधिक ३९.४, म्हणजे ११२.८ ग्रॅम. टक्केवारी १४.१. आपण समजत होतो १६, प्रत्यक्षात मिळाले १४!

उपाय साधा आहे. दाणा दिवसातून दोन-तीन वेळा, थोडा थोडा घालावा. मागचा संपल्याखेरीज नवा घालू नये. आणि काय उरले ते रोज पाहावे. पिले मोठी होऊ लागली, की जोडीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दाणा लागतो, तेव्हा कमी पडू देऊ नये.

दाण्याबरोबर बारीक खडी आणि कुटलेले शिंपले किंवा उकळून वाळवलेली अंड्यांची टरफले ठेवावीत. कबुतराला दात नाहीत. त्याच्या पेषणीत खडीनेच दाणा भरडला जातो. टरफलांतून कॅल्शियम मिळते. ते धान्यात फारच कमी असते आणि पिलाच्या हाडांना त्याची मोठी गरज असते.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

आता त्या डब्याकडे वळू. अशी पावडर बहुधा दुधापासून केलेली असते आणि तीत कमी-अधिक दुग्धशर्करा असू शकते. ती पचवणारे विकर पक्ष्यांजवळ नसते. पावडर कालवलेले पाणी आपल्या हवेत काही तासांत नासते आणि त्यात जंतू वाढतात. शिवाय शरीराला जादा अमिनो आम्ले साठवता येत नाहीत. त्यांतील नायट्रोजन बाहेर टाकावाच लागतो. आपण तो मुख्यतः युरियाच्या रूपात टाकतो आणि पक्षी यूरिक आम्लाच्या रूपात. कबुतराच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. प्रथिने फार झाली, की हा भार मूत्रपिंडांवर पडतो.

सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे अनेक वाण तयार केले असल्याने हे पीक आपल्या भागात परिचयाचे आहे. पण कच्चे सोयाबीन घालू नये. त्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे द्रव्य असते. भाजल्यावर किंवा शिजवल्यावर ते बरेचसे नष्ट होते. कच्चा राजमा तर विषारीच असतो. तो टाळावा.

हे सारे पाळीव, ढाबळीतल्या कबुतरांविषयी आहे. चौकात पारव्यांना पोतीच्या पोती दाणा टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईत हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना गंभीर इजा होते, हे त्यामागचे कारण. हा धोका ढाबळ बाळगणाऱ्यालाही असतो. साफ करण्याआधी पाणी शिंपडावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि खोकला किंवा धाप सुरू झाल्यास डॉक्टरांना कबुतरांविषयी आवर्जून सांगावे.

पुढे काय झाले

त्या मुलाने पुढच्या वेळी अंडी घातली गेल्यापासूनच बाजरी-मटकीचे मिश्रण सुरू केले, खडी आणि टरफले ठेवली, पिलांचे घसे पशुवैद्याला दाखवून घेतले आणि एक वही घातली. रोज सकाळी पिलांचे वजन आणि ताटलीत उरलेला दाणा तो लिहीत असे. दोन्ही पिले उडाली. तो आनंदाने सांगत आला, “प्रोटीनच कमी होतं, सर! सिद्ध झालं.”

“तू किती गोष्टी बदलल्यास?” मी विचारले.

तो बोटे मोजू लागला. दाणा बदलला, खडी आली, कॅल्शियम आले, पावसाळा संपून हवा कोरडी झाली, आणि ढाबळही तो अधिक स्वच्छ ठेवू लागला होता. जोडी तर एकच. सिद्ध काहीच झाले नव्हते. मिश्रण चालू ठेवायला मात्र पुरेसे कारण होते, कारण त्यामागचे रसायनशास्त्र भक्कम आहे.

शिक्षकांनी वर्गात नेमका हाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. फरक प्रथिनांनीच पडला हे तपासायचे, तर काय काय सारखे ठेवायला हवे? किती जोड्या लागतील? आणि एक अट कायमची ठेवावी. पूर्वीच्या निकृष्ट आहारावर एखादी जोडी मुद्दाम ठेवून, पिले मरतात का ते पाहण्याचा प्रयोग करायचा नाही. ती अट पाळून हा प्रश्न कसा सोडवता येईल, यावर त्या मुलाच्या वहीत सध्या दोन पाने भरली आहेत.