कॉइलिंगनंतरच्या एमआरआयमधले पांढरे ठिपके

आता रिपोर्टकडे येऊ. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा आम्ही जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन, प्लॅटिनमची बारीक तार आत भरून बंद करतो. दुसऱ्या दिवशी पेशंट छान बोलतोय, आणि एमआरआयच्या कागदावर ‘छोटे इन्फार्क्ट’. घरचे हादरतात. म्हणजे अटॅक आला का?

डिफ्यूजन नावाच्या चित्रात ताजी इजा पांढरी चमकते. नळी फिरवताना रक्ताची कणाएवढी गुठळी किंवा हवेचा बुडबुडा सुटतो, टोकाची एखादी वाहिनी अडते. असे ठिपके आम्हाला पुष्कळदा दिसतात. बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नाही. कॉइलजवळची काळी सावली तर नुसती धातूमुळे पडलेली.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवी सूज दिसली, तर मात्र आम्ही वेगळा विचार करतो. नळीवरच्या गुळगुळीत लेपाचे कण मेंदूत अडकलेले असू शकतात. हे विरळा, स्टेरॉइडने बहुधा आटोक्यात येतं.

खरा घोळ गोळ्यांचा होतो. ‘रक्त पातळ केल्यानंच हे झालं’ म्हणून लोक परस्पर गोळ्या बंद करतात. आत स्टेंट असेल तर तोच गुठळीनं बुजू शकतो! गोळी आम्हाला विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर रिपोर्ट चाळत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.