बुडालेली मजुरी आणि आपल्या नावाचे पाच हजार

गटाच्या बैठकीत बचत, हप्ते, कर्जफेड सगळं आटोपलं, की सतरंजी गुंडाळताना एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, ते बाळंतपणाचे पैसे अजून आले नाहीत गं." म्हणून आज त्याच पैशांबद्दल बोलू.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली सुरू झाली. पुष्कळ जणी या पैशांना बाळासाठी आलेला खाऊ समजतात. पण ही बाईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे, तीही थोडीच. नोकरीतल्या बाईला कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. खुरपायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला रजा देणार कोण? मग ती आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत वाकून काम करते आणि सव्वा महिना होतो न होतो तोच पुन्हा शेतात दिसते. म्हणून २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये असं लिहिलं गेलं. पाच हजार मातृवंदनेतून आणि बाकीचे दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षा योजनेतून, असा सरकारी हिशेब आहे. जननी सुरक्षेचे खेड्यात सातशे मिळतात. बेरीज तुम्हीच करा.

रोज तीनशे धरला तर पाच हजार म्हणजे सोळा-सतरा दिवसांची मजुरी. कमीच आहे. पण आहे ते तरी का सोडायचं?

आता हे कुणाला मिळतं? घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, धान्याचं रेशनकार्ड यांपैकी काही एक असेल तर चालतं. अनुसूचित जाती-जमातीच्या भगिनी, किसान सन्मानचे पैसे घेणाऱ्या शेतकरी बाया, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, सगळ्या यात बसतात. म्हणजे आपल्या गटातली जवळजवळ प्रत्येक जण बसते. पैसे अडतात ते दुसऱ्याच ठिकाणी.

पहिली अडचण तारखेची. पहिल्या बाळाला तीन हजार आणि दोन हजार असे दोन हप्ते आहेत. तीन हजारांसाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नाव नोंदवून निदान एक तपासणी झालेली असावी लागते. आपल्याकडे नजर लागेल म्हणून चौथा-पाचवा महिना लागेपर्यंत सांगायचं नाही, अशी रीत. शेजारणीला सांगू नका हवं तर, पण आशाताईला सांगा. दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर येतो. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करा. नंतर उशिराचं शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी माता-बाल कार्ड पेटीत कपड्यांबरोबर आधी ठेवायचं. कारखान्याच्या भागात लस दिली तरी तिची नोंद याच कार्डावर घ्यायची.

दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आणि कार्डावर आशाताईनं हाक मारायचं नाव लिहिलेलं. संगणकाला या तीन वेगळ्या बाया वाटतात. नवऱ्याचं आधार नसेल तर अडत नाही, तुमचं स्वतःचं मात्र नीट हवं.

तिसरी अडचण सगळ्यात जास्त छळते. पैसे तुम्ही अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ते जातात आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. आमच्या एका सदस्य भगिनीनं कार्यालयात तीन चकरा मारल्या. दरवेळी उत्तर एकच, "पैसे गेलेत." कुठं गेलेत, ते कुणी सांगेना. तीन दिवसांचा रोज बुडाला. शेवटी माहेरच्या गावच्या बँकेत, लग्नाआधी काढलेल्या खात्यात तीन हजार पडलेले सापडले. आधार कोणत्या बँकेला जोडलंय, ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. घरातल्या शिकलेल्या मुलीला दोन मिनिटं बसवा. पण "योजनेतून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. मातृवंदनेचे पैसे द्यायला कुणी ओटीपी विचारत नाही.

पोटातलं बाळ गेलं तर हक्कही गेला, असं काही जणी समजतात. तसं नाही. पुढच्या खेपेला त्या बाईला पुन्हा नव्यानं लाभ मिळतो. अशा मैत्रिणीला हे कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं.

दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकदम मिळतात, अर्ज जन्मापासून २७० दिवसांत करायचा. शिवाय आपल्या राज्याची लेक लाडकी योजना आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी, घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्न लाखाच्या आत असेल तर, जन्मल्यावर पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ आणि अठरा पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार. पुढच्या हप्त्यांना आई किंवा वडिलांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लागतं. "आई किंवा वडील" असंच लिहिलंय, हे घरी वाचून दाखवा. लेक लाडकीचा अर्ज अंगणवाडीताईकडे द्यायचा.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर? हा प्रश्न मागच्या बैठकीत निघाला. तर मातृवंदनेचं काही मिळत नाही. मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू आम्हाला पटतो, पण मुलगा झाला म्हणून आईचा रोज बुडायचा राहतो का? ग्रामसभेत महिलांनी हे बोलायला हवं, असं आम्हाला वाटतं.

तोवर पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पुस्तकाबरोबर आधार, पासबुक आणि माता-बाल कार्ड घेऊन या. तिन्हींवरची नावं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघू.