रेषा उमटली, पण आजार आहे का?

काळा आजाराचा परजीवी पाणथरीत ठाण मांडून बसतो. त्याला तिथेच गाठायचं तर डाव्या बरगड्यांखालून थेट पाणथरीत सुई घालावी लागते. सुई आत राहते ती सेकंदभरसुद्धा नाही, पण त्या क्षणी रुग्णाने जराही हलता कामा नये. नंतर काही तास त्याला आडवं ठेवून नाडी आणि रक्तदाब तपासत राहायचं, कारण आत रक्तस्राव सुरू झाला तर जिवावर बेततं. हजारात एखादा दगावतोही. तरी बिहारमध्ये वर्षानुवर्षं निदानाची सर्वांत खात्रीची रीत हीच होती. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसला की वाद संपतो, आणि या तपासणीत तो शंभरातल्या नव्वदांहून जास्त रुग्णांत दिसतो.

म्हणूनच आरके-३९ या पट्टीचं एवढं स्वागत झालं. परजीवीच्या एका प्रथिनात ३९ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो प्रयोगशाळेत बनवून पट्टीवर बसवलेला असतो. बोटातून घेतलेल्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं असली की दहाएक मिनिटांत लाल रेषा उमटते. वरची दुसरी रेषा फक्त पट्टी चालू आहे एवढंच सांगते. ती न दिसल्यास पट्टी फेकून द्यायची. खालची रेषा कितीही फिकट असली तरी चाचणी पॉझिटिव्ह धरायची. १९९८ साली श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णांवरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले: संवेदनशीलता १०० टक्के, विशिष्टता ९८ टक्के. म्हणजे आजारी असलेला एकही सुटला नाही आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी दोघांवरच चुकीचा ठपका आला.

हीच पद्धत पूर्व आफ्रिकेत गेली आणि आकडे घसरले. वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१४च्या आढाव्यात भारतीय उपखंडातली संवेदनशीलता ९७ टक्के भरली, तर पूर्व आफ्रिकेत जेमतेम ८५. तिथल्या परजीवीचं हे प्रथिन थोडं वेगळं आहे आणि रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडंही कमी आढळतात. शंभरातले पंधरा सुटणं ही किरकोळ बाब नव्हे. काळा आजारावर उपचार झाले नाहीत तर रुग्ण बहुधा वाचत नाही.

विशिष्टतेचा आकडा तर त्याहून फसवा. तुलनेसाठी कोण निवडलं, यावर तो ठरतो. जिथे हा आजार नाहीच अशा शहरातले धडधाकट रक्तदाते घेतले तर कोणतीही चाचणी देखणी दिसते. पण दवाखान्यात पट्टी लावली जाते ती दोन आठवड्यांहून जास्त तापलेल्या, पाणथरी वाढलेल्या माणसाला. त्याला मलेरिया, टायफॉइड, क्षय, रक्ताचा कर्करोग यांपैकी काहीही असू शकतं. चाचणीची परीक्षा याच रुग्णांवर व्हायला हवी. अशा रुग्णांवर घेतलेल्या अभ्यासांत उपखंडातली विशिष्टता ९० टक्क्यांच्या आसपास उतरली.

या ९० टक्क्यांचा अर्थ हिशेब मांडल्यावर कळतो. समजा, अशा हजार तापकऱ्यांपैकी ३०० जणांना खरोखर काळा आजार आहे. पट्टी त्यांतले २९१ पकडेल आणि उरलेल्या ७०० पैकी ७० जणांना चुकून आजारी ठरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या दर पाचांत चार खरे. आता साथ ओसरली आणि हजारांत दहाच रुग्ण उरले. ते दहाही सापडतील, पण सोबत ९९ जण चुकून अडकतील. म्हणजे अकरांत एक खरा! पट्टी तीच, कारखाना तोच. भारतात २००७ साली काळा आजाराचे ४० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते, अलीकडे वर्षाचा आकडा हजाराच्या आत आला आहे. या यशामुळेच पट्टीवर पूर्वीइतकं विसंबता येत नाही. ताप आणि पाणथरी आधी पाहा, मग पट्टी लावा, हा नियम म्हणून आता अधिक कसोशीने पाळायला हवा.

परजीवीही स्वस्थ बसत नाहीत. मलेरियाच्या बहुतेक झटपट चाचण्या फाल्सिपेरम या परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. त्याचा जनुकच गमावलेले परजीवी पेरूच्या ॲमेझॉन भागात असल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं, पुढे एरिट्रियातही ते मोठ्या प्रमाणात सापडले. अंगात मलेरिया, पट्टी मात्र कोरी. अशा कारणाने सुटणारे रुग्ण ५ टक्क्यांवर गेले तर चाचणीच बदला, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एकदा मोजलेली अचूकता त्यामुळे पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

आरके-३९ समोरचा सर्वांत अवघड प्रश्न बऱ्या झालेल्यांचा आहे. आजार गेल्यावरही प्रतिपिंडं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. उपचार घेतलेल्या माणसाला पुन्हा ताप आला तर रेषा उमटणारच, मग आजार उलटलेला असो वा नसो. प्रतिपिंडांऐवजी खुद्द परजीवीचा अंश लघवीत शोधणारी केएटेक्स ही चाचणी यासाठी आशेची वाटली होती, पण कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात तिची संवेदनशीलता ६४ टक्क्यांच्या आसपासच भरली. त्यामुळे आजार उलटल्याची शंका आली की डॉक्टरांना परजीवीच शोधावा लागतो, आणि त्यासाठी आजही अस्थिमज्जेत किंवा पाणथरीत सुई घालावी लागते.