दोन तासांचा फर्स्ट क्लास

'फर्स्ट क्लास' म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर एकच अर्थ निघतो, आणि तोही रिझल्टच्या दिवशी. या लेखातला फर्स्ट क्लास मात्र विमानातला आहे. पडद्याच्या पलीकडचा. (संपादकांनी 'टेक्निकल, पण मेसच्या मावशींनाही कळेल असं काहीतरी दे' म्हणून मागे लागून लिहून घेतलंय. मी कॉन्व्हेंटची, निबंध कायम इंग्रजीत लिहिलेले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.)

झालं असं, की गुरगावला माझ्या ताईला मुलगी झाली आणि मिरजेच्या आज्जीने पणती बघायचा हट्ट धरला. आज्जी ७६ वर्षांची, उंची चार फूट दहा इंच, उजवा गुडघा पार झिजलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की 'बघू' म्हणते, हे 'बघू' गेली पाच वर्षं चालू आहे. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, पण सव्वा-दीड दिवस त्या गुडघ्याला झेपणार नव्हता. म्हणून पुण्याहून विमान. सोबत जायला घरात मोकळं कोण? डिसेंबरात सेमिस्टर संपवून बसलेली मी.

माझ्या खात्यात तेव्हा समर इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे ३०,००० रुपये होते, आयुष्यातली पहिली कमाई. आणि डोक्यात एक जुनी गोष्ट होती. आमचे आजोबा रेल्वेत फिटर होते. त्यांना पास मिळायचा तो सेकंड क्लासचा. आज्जी सांगते, मिरज स्टेशनावर फर्स्ट क्लासचा डबा बरोब्बर त्यांच्यासमोर येऊन थांबायचा आणि मग पोरंबाळं, वळकट्या, फिरकीचा तांब्या घेऊन सगळ्यांनी मागच्या डब्याकडे पळायचं. 'साहेब झालो की यातनं जाऊ,' असं आजोबा म्हणायचे. ते काही साहेब झाले नाहीत. तर मी ठरवलं, आज्जीला यावेळी फर्स्ट क्लासने न्यायचं.

मग तिकिटाचा आकडा बघितला आणि इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सचं पुस्तक (प्रथमच स्वखुशीने) उघडलं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणांत आज खराखुरा 'फर्स्ट' नसतो, पुढे असतो तो बिझनेस क्लास. किंगफिशर कंपनी आपल्या पुढच्या भागाला 'किंगफिशर फर्स्ट' म्हणायची, पण ती २०१२ मध्येच बंद पडली. आता एअर इंडियात बिझनेस आहे, आणि इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाने मोठ्या खुर्च्या सुरू केल्या. पण आज्जीच्या भाषेत तो फर्स्ट क्लासच, आणि मीही तेच म्हणणार आहे.

मी बघितलं त्या दिवशी इकॉनॉमी साधारण साडेसहा हजार होतं आणि बिझनेस एकवीस हजार. (भाडी रोज बदलतात, तेव्हा हे आकडे उदाहरण म्हणून घ्या.) फरक १४,५००. पण आज्जीला पडद्यापलीकडे एकटीला बसवून मी मागे कशी बसणार? म्हणजे दोन तिकिटं, फरक २९,०००. स्टायपेंडमधले एक हजार उरत होते, आणि मेसचं बिल द्यायचं होतं.

या जास्तीच्या पैशात नक्की मिळतं काय? पहिली गोष्ट जागा. ए-३२० हे आपल्याकडचं नेहमीचं विमान. त्यात इकॉनॉमीत एका ओळीत सहा खुर्च्या असतात, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. बिझनेसमध्ये चारच. एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या ए-३२० निओमध्ये पिच बिझनेसला ४० इंच आणि इकॉनॉमीला २८-२९ इंच आहे. आता गणित करा. रुंदीत तीन माणसांच्या जागी दोन, म्हणजे दीडपट. लांबीत ४० भागिले २९, म्हणजे सुमारे १.४ पट. गुणाकार दोनच्या जरा वर. थोडक्यात, पुढच्या आठ खुर्च्यांनी जी जमीन अडवली आहे तिच्यावर साध्या सोळा खुर्च्या बसल्या असत्या. तेव्हा नुसत्या जागेचा हिशोब धरला तर दुप्पट भाडं रास्त म्हणता येईल. आमच्याकडे मागत होते तिप्पटीहून जास्त! त्यात सरकारचाही वाटा आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या वर्गांना १८ टक्के. आधी वरच्यांना १२ होता.

मग तिथे बसतं कोण? बरेच जण असे, की ज्यांचं तिकीट कंपनी काढते. मीटिंग लांबली तर विमान बदलता येणं, तिकीट रद्द केल्यावर पैसे कमी कापले जाणं, या सोयींची किंमत त्या भाड्यात मिसळलेली असते. आपल्याला तारीख बदलायचीच नसेल तर आपण दुसऱ्याच्या मीटिंगचे पैसे भरत असतो.

दुसरी गोष्ट वेळ, आणि मला सगळ्यात मजा इथे आली. पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर. तिकिटावर लिहितात सव्वादोन तास. त्यातली पंधरा-वीस मिनिटं विमान जमिनीवरच रांगत असतं. उतरण्याचा वैमानिकांचा ढोबळ नियम असा, की दर हजार फुटाला तीन नॉटिकल मैल. ३६,००० फुटांवरून खाली यायचं तर १०८ नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ २०० किलोमीटर आधीपासून उतरायला लागायचं. चढण्यातही साधारण तेवढंच अंतर जातं. ११५० मधून ४०० गेले, उरले ७५०. ताशी ८३० किलोमीटरच्या वेगाने ते ५४ मिनिटांत संपतात! म्हणजे 'विमानप्रवास' असं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, खाली ढग आणि हातात ज्यूस, ते एका लेक्चरपेक्षाही कमी वेळ टिकतं.

खुर्ची मागे रेलायची मुभा त्याहून थोडी जास्त, कारण बेल्टचा दिवा चढतानाच कधीतरी विझतो. सव्वा तास धरा. पण टेक-ऑफला आणि लँडिंगला सगळ्यांनाच खुर्ची सरळ करावी लागते, एकवीस हजारवाल्यालाही. तेव्हा मऊ, मागे झुकणारी खुर्ची हीच चैन हवी असेल तर १४,५०० भागिले ७५, म्हणजे मिनिटाला १९३ रुपये. आमच्या कँटीनमध्ये तेवढ्यात दोघांचं जेवण होतं.

गुडघ्याचं गणित मात्र वेगळं असतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. खुर्ची रेलण्याचा फायदा फक्त ७५ मिनिटं, पण पाय पसरायच्या जागेचा फायदा बसल्यापासून उठेपर्यंत, पूर्ण १३५ मिनिटं. म्हणून मी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. आपल्याला नक्की काय हवंय? झोप हवी असेल तर दोन तासांच्या प्रवासात ती धड लागतच नाही. पाय पसरायला हवे असतील तर त्यासाठी संपूर्ण फर्स्ट क्लास विकत घ्यायची गरज आहे का? नऊ तासांच्या मुंबई-लंडनची गोष्ट निराळी. चार तासांहून जास्त एका जागी बसलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो असं डॉक्टर सांगतात. तिथे आडवं व्हायला मिळणं ही चैन राहत नाही. पुणे-दिल्ली त्या हिशोबात बसतच नाही.

बाकीचं पटकन सांगते. लाउंजमधलं खाणं, जास्त सामान, आधी चढणं. यातलं जे तुम्ही एरवी पैसे देऊन घेतलंच असतं तेवढंच फरकातून वजा करायचं. आमच्याकडे डिंकाचे लाडू, गोधड्या आणि टोपडी धरून २९ किलो भरलं. इकॉनॉमीत १५-१५ किलो असे दोघींचे ३०. वजा काही नाही. हवा तर सगळ्यांना तीच. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून वर, आणि पडदा लावल्याने तो बदलत नाही. दिल्लीच्या धुक्यात विमान अडकलं तर अलीकडचे-पलीकडचे सगळे एकत्रच अडकतात.

असो. तर निकाल 'नाही' असा लागला. मग वाचलेल्या पैशांचं डोकं लावलं ते गुडघ्यासाठी, आणि यातलं बरंचसं फुकटात होतं.

व्हीलचेअर. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना ती मोफत असते, फक्त निदान ४८ तास आधी कळवायचं. झिजलेल्या गुडघ्याला खरी शिक्षा खुर्चीची नसतेच. ती असते गेटपर्यंतच्या चालण्याची आणि बसमधून उतरून विमानाच्या जिन्याची. आधी कळवलं असेल तर जिन्याऐवजी रॅम्प किंवा उचलून नेणारी गाडी मागता येते. एकवीस हजाराचं तिकीट काढून जिना चढायला लागला असता तर आज्जीने मला मिरजेत राहू दिलं नसतं.

खुर्ची कुठली? इमर्जन्सी दाराजवळ भरपूर जागा असते, पण वयस्कर किंवा व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना तिथे बसू देत नाहीत, कारण वेळ पडली तर दार उघडायचं काम त्याच ओळीवर असतं. अगदी पहिली ओळही मी टाळली. तिथे समोर भिंत असते, जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेला असतो म्हणून तो दांडा वर होत नाही, आणि औषधांची पिशवी पायाशी ठेवता येत नाही. मी घेतली मधल्या मार्गाकडेची, आणि तीसुद्धा विचार करून. ए-३२० मध्ये डावीकडे ए, बी, सी आणि उजवीकडे डी, ई, एफ. सी वर बसलं की मार्ग उजव्या हाताला येतो, डी वर बसलं की डाव्या. आज्जीचा उजवा गुडघा वाईट, म्हणून सी. ट्रॉली आली की पाय आत, गेली की बाहेर. शिवाय मार्गाकडचा हाताचा दांडाही बऱ्याच विमानांत वर उचलता येतो. त्याची कळ खालच्या बाजूला, बिजागरीजवळ लपवलेली असते, एअरहोस्टेसला विचारलं की ती दाखवते. दांडा वर केला की वाकलेल्या गुडघ्यावर जोर न देता पाय आधी बाहेर काढून उठता येतं.

जाताना सगळं बेतशीर झालं. आज्जीने पडदा बघितला आणि विचारलं, "पलीकडं कोण बसत्यात गं?"

"फर्स्ट क्लासवाले. एकवीस हजार."

"आधी पोचत्यात व्हय?"

"नाही, एकाच वेळी. उतरतात आधी."

आज्जीने तोंडात बडीशेप टाकली आणि खिडकीकडे बघत राहिली. मला वाटलं विषय संपला.

येताना दिल्लीच्या काउंटरवर मुलीने सांगितलं, पुढची एक जागा रिकामी आहे, वरचे पाच हजार भरलेत तर आजींना देता येईल. माझा हिशोब तयार होता. पाच आणि साडेसहा म्हणजे साडेअकरा, दुपटीच्या आत. पण जागा एकच, आज्जी एकटी कशी बसेल म्हणून मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तोच आज्जी म्हणाली, "मी जाते. तू बस मागं."

आणि गेली! मी बाराव्या ओळीत मान उंचावून पडद्याकडे बघत बसले. दोनदा उठून जायचा विचार केला, दोन्ही वेळा बेल्टचा दिवा लागला.

पुण्याला व्हीलचेअरमध्ये बसल्यावर रिपोर्ट मिळाला. चमचा खरा, स्टीलचा होता. ग्लास काचेचा. मुलीने नाव घेऊन विचारलं, 'अजून काही हवंय का?' पण खुर्ची फार मोठी. पाठ टेकली तर पाय जमिनीला लागेनात, अधांतरी लोंबकळून गुडघा ठणकायला लागला. शेवटी उशी मागून पायाखाली घेतली. उठताना मधला दांडा जाड आणि पक्का, वर होईना, दोघींनी धरून उठवलं. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी मी एवढी आकडेमोड केली होती त्याला साडेसहा हजाराची 'सी' खुर्चीच जास्त मानवली होती. चार फूट दहा इंच उंचीच्या बाईला ४० इंच पिच घेऊन करायचं काय, हा विचार माझ्या एकाही समीकरणात नव्हता.

"म्हणजे पाच हजार वायाच गेले," मी म्हटलं.

"वाया कसे? परत मिळाला तर परत जाईन," आज्जी म्हणाली. "फक्त पायाखाली घ्यायला पाट नेऊ घरचा. विमानात चालतो का, तेवढं विचारून ठेव."