विहिरीच्या दरजेतला हंसराज

माढा तालुक्यात चुनखडीचा डोंगर नाही. भीमा आणि सीना यांच्या मधल्या या पट्ट्यात पायाखाली सगळा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. वर्षाचा पाऊसही साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. चुनखडीच्या ओल्या कड्यांवर वाढणाऱ्या हंसराज या नेच्याचं अशा मुलखात काय काम? पण एखाद्या जुन्या चिरेबंदी विहिरीत डोकावून पाहा. आतल्या सावलीत, पाझराच्या जागी, भर उन्हाळ्यातही तो हिरवागार सापडतो.

काळे, चकचकीत, तारेसारखे देठ आणि त्यांवर पंख्याच्या आकाराची इवली पानं. पाण्याचा हबका मारा, थेंब घरंगळून जातात आणि पान कोरडंच राहतं. त्याच्या ‘अडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस’ या शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘न भिजणारा’. पुढचे दोन लॅटिन शब्द म्हणजे व्हीनसचे केस.

आयर्लंडमध्ये तो बरेन भागातल्या चुनखडीच्या भेगांत वाढतो. इथे त्याला चुना पुरवला गवंड्यांनी. काळ्या रानात आणि ओढ्याकाठी मिळणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजले, की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायचा आणि दगडांच्या दरजांत भरायचा. खरी गंमत पुढे आहे. दरजेतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे मूळची चुनखडीच. गवंड्यानं नकळत विहिरीच्या पोटात चुनखडीचा कडा उभा केलेला असतो!

वर रानात मात्र याच चुनखडीनं ऊसवाला बेजार असतो. जमिनीत ती जास्त झाली की लोह मुळांना मिळेनासं होतं आणि उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात.

हंसराजाला फूल नाही, बी नाही. पानाच्या दुमडलेल्या कडेखाली धुळीसारखे बीजाणू असतात. ओल्या दरजेत एखादा रुजला की आधी बदामाच्या आकाराची बारीकशी हिरवी चकती तयार होते. तिच्यावर नरपेशी पोहत मादीपेशीकडे जाते. त्यासाठी पाण्याचा पातळ थर हवाच. पाझर आटला की नवी रोपं थांबली. या एवढ्याशा झाडाचा जनुकसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो डीएनएच्या सुमारे ४८० कोटी अक्षरांचा भरला. माणसाचा जेमतेम ३१० कोटी.

बोअर खोल गेले, तसे विहिरींचे पाझर आटू लागले. त्यातून विहीर दुरुस्तीला काढली, की आतून सरसकट सिमेंटचा गिलावा होतो. दरजा बुजतात आणि हंसराज जातो. पिंपळ-उंबर भिंत फोडतात, ते जरूर उपटा. हंसराजाची केसासारखी मुळं दगड हलवत नाहीत. दरजा भरायच्याच असतील तर चुन्यानं भरा, आणि पाझराची जागा तेवढी उघडी ठेवा.