शर्यतीच्या मार्गावर जुनी गाडी : आधी थांबण्याची तयारी, मग वेगाची

नवी दिल्ली : ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट फॉर्म्युला वन शर्यतीसाठी उभारण्यात आले. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या ५.१२५ किलोमीटर लांबीच्या आणि १६ वळणांच्या या मार्गावर २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे इंडियन ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल विजयी ठरला. त्यानंतर फॉर्म्युला वन भारतात परतली नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपीची एक फेरी येथे झाली, तेवढाच जागतिक शर्यतींचा अपवाद. मात्र याच मार्गावर ठरावीक दिवशी शुल्क भरून सामान्य चालकाला स्वतःची गाडी नेता येते. या उपक्रमाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा आणि फरिदाबाद परिसरातील हौशी चालकांमध्ये त्याचे आकर्षण वाढण्याचे एक कारण असे, की त्यासाठी महागडी गाडी लागत नाही. दहा-बारा वर्षे वापरलेली छोटी पेट्रोल गाडीही पुरते. परंतु ती नीट तयार केलेली असावी लागते.

ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. तेथे क्रमांक लावले जात नाहीत. चालकांना अनुभवानुसार गटांत विभागून साधारण पंधरा ते वीस मिनिटांची सत्रे दिली जातात, आणि पुढच्या गाडीला ओलांडण्याची परवानगी सहसा ठरलेल्या जागीच असते. स्पर्धात्मक शर्यतींसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय महासंघाचा परवाना आणि त्याचे तांत्रिक नियम लागू होतात. ट्रॅक डेला एवढी कठोर चौकट नसते. त्यामुळे गाडी सुस्थितीत आहे की नाही, याची मुख्य जबाबदारी चालकावरच येते.

निवड करताना आधी कायदा

भारतीय हौशी मोटार शर्यतींवर मारुतीच्या छोट्या गाड्यांची दीर्घकाळ छाप राहिली. १९९३ मध्ये आलेली ९९३ सीसी इंजिनाची झेन आणि त्यापाठोपाठची १.३ लिटर इंजिनाची एस्टीम या गाड्या वजनाने हलक्या, दुरुस्तीला सोप्या आणि सुट्या भागांच्या दृष्टीने स्वस्त होत्या. हलकी गाडी वेग घेण्यास, वळण्यास आणि थांबण्यास कमी शक्ती मागते. तिचे टायर आणि ब्रेक कमी झिजतात. स्वस्त छंदाचे सारे गणित या एका गुणावर उभे आहे.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मात्र या गाड्यांचा काळ कायद्याने संपवला आहे. राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४ व २०१५ मधील आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑक्टोबर २०१८ चा आदेश यांनुसार या क्षेत्रात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या चालवण्यास मनाई झाली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना इंधन न देण्याचा निर्णय अमलात आला; पण काही दिवसांतच तो पुढे ढकलावा लागला. केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यानंतरच्या मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. राजधानी क्षेत्रात बीएस-४ मानके १ एप्रिल २०१० पासून लागू झाली. त्यामुळे येथील चालकाने त्यानंतरची पेट्रोल गाडी निवडणे शहाणपणाचे ठरते. के मालिकेतील १.२ लिटर इंजिनाची मारुती स्विफ्ट हे त्याचे सहज मिळणारे उदाहरण. जुनी झेन किंवा एस्टीम ट्रकवर लादून सर्किटपर्यंत नेता येईल. परंतु दर वेळचे भाडे धरले तर स्वस्त गाडी घेण्याचा हेतूच उरत नाही. महाराष्ट्रासह अन्य राज्यांत योग्यता तपासणी आणि कर भरून १५ वर्षांनंतरही नोंदणीचे नूतनीकरण होऊ शकते. तेथील नियमांवरून राजधानी क्षेत्राचा अंदाज बांधू नये.

हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. इंजिन आणि ब्रेक यांना थंड हवा मानवते; म्हणून उत्तर भारतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ट्रॅकसाठी सोयीचा. परंतु प्रदूषण वाढून श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होतो तो याच महिन्यांत. त्या वेळी दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर येथे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींवर निर्बंध येतात. सर्किट गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातच आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवशीचा टप्पा पाहणे गाडीतील पेट्रोल पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

ब्रेक : पहिला खर्च येथे

जुन्या गाडीची शक्ती वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्यक्षात मूळ इंजिनाचा वेग पेलण्याइतके ब्रेकही तिच्याकडे नसतात. चालकासह १,००० किलो वजनाची गाडी ताशी १४० किलोमीटरवरून ६० किलोमीटरवर आणली, तर सुमारे ६ लाख जूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. सुमारे दोन लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ही उष्णता आहे. ब्रेकच्या भागांना ती अवघ्या काही सेकंदांत सोसावी लागते. बुद्ध सर्किटच्या तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी आणि इतर मोठ्या वळणांपूर्वी प्रत्येक फेरीत हेच पुन्हा पुन्हा घडते. शहरातील वाहतुकीत ब्रेकना थंड होण्यास वेळ मिळतो, येथे तो मिळत नाही.

धोका दोन प्रकारचा असतो. पहिल्यात पॅड अतितप्त होऊन घर्षण गमावतात. पायाखालचे पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे आणि जुन्या गाडीत त्याचीच शक्यता जास्त असते, कारण ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा किमान उत्कलनांक २०५ अंश सेल्सियस असतो. पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट-५.१ साठी २६० आणि १८० आहेत. डॉट-५ हे सिलिकॉनवर आधारित निराळे ऑइल आहे. नावातील साम्यामुळे ते इतरांत मिसळण्याची चूक करू नये.

म्हणून पहिल्या ट्रॅक डेपूर्वी सीलबंद डब्यातील डॉट-४ किंवा डॉट-५.१ भरून चारही चाकांची हवा काढावी. जुने रबरी ब्रेक होज भेगाळले असतील तर बदलावेत. पुढचे पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत आणि शक्य झाल्यास अधिक तापमान सोसणारे घ्यावेत. डिस्क कंपनीने दिलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ नसावी. कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकत असतील तर एकाच बाजूचा पॅड झिजतो, हेही तपासावे. दिल्लीत काश्मिरी गेटच्या बाजारात सुट्या भागांची विपुलता आहे. मात्र ब्रेकच्या बाबतीत स्वस्त नक्कल टाळून अस्सल भागच घ्यावा.

टायर : वय आणि हवा

जुन्या गाडीचे टायर अनेकदा दिसायला चांगले आणि आतून कडक झालेले असतात. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ‘१२१९’ म्हणजे २०१९ चा बारावा आठवडा. नक्षी खोल असली तरी रबर टणक झाले असेल, भेगा किंवा फुगवटा असेल, तर तो टायर ट्रॅकवर नेऊ नये. नक्षीची १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा रस्त्यासाठी आहे. सर्किटवरून घरी परतायचे असल्याने निघतानाच त्याहून बरीच अधिक खोली हवी.

टायर तापला की आतील हवेचा दाब वाढतो. सकाळी ३० अंश सेल्सियसला ३० पीएसआय भरलेला टायर ७० अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे ३६ होतो. टायर जास्त फुगल्याने जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि पकड सुटू लागते. म्हणून सत्र संपताच, टायर गरम असतानाच दाब मोजून आवश्यक तेवढी हवा कमी करावी. परतीच्या प्रवासापूर्वी टायर गार झाल्यावर ती कंपनीच्या मूल्याइतकी पुन्हा भरावी. महामार्गावर कमी हवेने धावणारा टायरही तापून फुटू शकतो.

इंजिन, पाणी आणि तेल

सर्किटवर इंजिन बराच काळ उच्च आवर्तनांवर फिरते. जुने इंजिन ते सोसू शकते. अट एवढीच की त्याला तेल आणि थंडावा मिळत राहावा. लांब वळणात तेल तळटाकीच्या एका बाजूला सरकते, पंपाला क्षणभर हवा मिळते आणि बेअरिंग कोरडी पडते. तेलाची पातळी दांडीवरील वरच्या खुणेपाशी ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याहून अधिक तेल भरल्यास फेस होऊन उलट नुकसान होते. तेल आणि फिल्टर ट्रॅक डेपूर्वी बदलावे आणि प्रत्येक सत्रानंतर पातळी पाहावी.

रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरलेले असेल तर आत क्षार साचलेले असतात. तो धुऊन घ्यावा किंवा बदलावा आणि शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट भरावे. रेडिएटरचे झाकण ही क्षुल्लक वस्तू नव्हे. यंत्रणेतील दाब तेच टिकवते आणि दाबामुळे पाण्याचा उत्कलनांक वाढतो. वातावरणाच्या दुप्पट दाबात पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाची रबरी कड सैल झाली की ही सवलत नाहीशी होते. फुगलेले होज, अडखळणारा पंखा आणि गळका वॉटर पंप हेही आधीच पाहावेत.

झेन, एस्टीमसारख्या गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो. त्याची मुदत किलोमीटरप्रमाणे वर्षांनीही संपते आणि तो तुटल्यास गाडी जागीच थांबते. के मालिकेतील इंजिनांत त्याऐवजी साखळी असते. इंजिन सुरू होताना तिचा खडखडाट ऐकू आल्यास तपासणी करावी.

सस्पेन्शन आणि चालकाची जागा

बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टाय रॉड, चाकांचे बेअरिंग, कंट्रोल आर्मचे बुश आणि इंजिन माउंट हे भाग शहरी खड्ड्यांनी झिजलेले असतात. गाडी उचलून चाक दोन्ही हातांनी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवले की बरीच ढिलाई कळते. नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि अचूक अलाइनमेंट यांचा लाभ शक्ती वाढवण्याच्या कोणत्याही खटाटोपापेक्षा अधिक होतो. चाकांचे नट पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासावेत.

गाडीतील पायपोस, जॅक, पाण्याच्या बाटल्या आणि सुटे चाक बाहेर काढावे. बॅटरी पट्टीने घट्ट बांधलेली असावी. झटका दिल्यावर सीटबेल्ट अडकतो का, हे पाहावे. जुन्या गाडीत तो अनेकदा ढिला पडलेला असतो. हेल्मेट, बंद बूट आणि सुती पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. गाडी ओढण्याचा हूक बसवलेला आणि अग्निशामक हाताशी असावा. पेट्रोलची टाकी अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नये. वळणात पंप कोरडा पडू शकतो आणि ट्रॅकवर इंधनही रस्त्याच्या तुलनेत कितीतरी वेगाने संपते.

सत्राची शेवटची फेरी ब्रेकचा वापर टाळत सावकाश पूर्ण करावी, म्हणजे हवेने सारे भाग निवतात. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या ड्रमवर शू चिकटून राहतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडथळा लावावा. घरी आल्यावर पॅडची जाडी, टायरच्या कडा, तेलाची पातळी आणि खालची गळती यांची नोंद वहीत करावी. दोन-तीन ट्रॅक डेंच्या नोंदींवरून कोणता भाग किती टिकतो हे कळते आणि खर्चाचा अंदाज येतो.

विमा आणि फेरबदल

सर्वसाधारण मोटार विम्याच्या अटींत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवरील नुकसानीचा दावा मान्य होईल, असे गृहीत धरू नये. स्वतःच्या वैद्यकीय आणि अपघात विम्याच्या अटीही आधी वाचाव्यात. ज्या गाडीचे पूर्ण नुकसान खिशाला सोसवेल, तीच ट्रॅकवर न्यावी. स्वस्त गाडीचा खरा लाभ हाच.

फेरबदलांनाही मर्यादा आहेत. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक अवैध फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर किंवा काढून टाकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ट्रॅकवर खपला, तरी यमुना द्रुतगती महामार्गावर तो गुन्हाच ठरतो.

गाडीचा पहिला रुपया ब्रेक ऑइल आणि पॅडवर, दुसरा टायरवर, तिसरा तेल, पाणी आणि झिजलेल्या बुशांवर खर्च व्हावा. एवढे झाल्यावर उरलेले पैसे पुढच्या ट्रॅक डेच्या शुल्कासाठी राखणे उत्तम, कारण चालकाचा सराव वाढतो तसा फेरीचा वेळ कमी होतो. दिवसभर सर्किटवर धावलेली जुनी गाडी संध्याकाळी त्याच चाकांवर, स्वतःच्या बळावर घरी परतली, तर तिची तयारी योग्य होती असे म्हणता येईल.