हिऱ्यातील अणुबॅटरी : दीर्घायुष्याची किंमत (लेखांक चौथा)

आयझॅक असिमोव्ह यांच्या १९५१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘फाउंडेशन’मध्ये अक्रोडाएवढी अणुजनित्रे आहेत आणि माणूस ती अंगावर बाळगून त्यांच्या बळावर स्वतःभोवती संरक्षक कवच उभे करू शकतो. लहान आकार, दीर्घ आयुष्य आणि प्रचंड शक्ती या तिन्ही गोष्टी या कल्पनेत एकत्र नांदतात. आज तयार होत असलेल्या अणुबॅटऱ्यांनी त्यांपैकी पहिल्या दोन साधल्या आहेत. तिसरी साधलेली नाही, आणि ती का साधत नाही हे उमगल्याखेरीज या बॅटऱ्यांचे खरे मोलही लक्षात येत नाही.

नेहमीची बॅटरी रासायनिक अभिक्रियेतून वीज देते आणि अभिक्रियेत भाग घेणारी द्रव्ये संपली की थांबते. अणुबॅटरीत किरणोत्सारी समस्थानिक वापरतात, म्हणजे मूलद्रव्याचे असे रूप, की ज्याचे अस्थिर अणुकेंद्रक आपोआप विघटित होऊन वेगवान कण बाहेर टाकते. या कणांपासून विद्युतभार मिळवता येतो हे हेन्री मोझ्ली यांनी रेडियम वापरून १९१३ मध्येच दाखवले होते. विसाव्या शतकाच्या सत्तरीत तर प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकर रुग्णांच्या छातीत बसवले गेले. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या पुरेशा टिकाऊ झाल्या आणि ते मागे पडले.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठ आणि ब्रिटनचे अणुऊर्जा प्राधिकरण यांनी कार्बन-१४ वापरून घडवलेली पहिली हिरा-बॅटरी जाहीर केली. येथे इंधन आणि यंत्र एकाच पदार्थाचे आहेत, आणि हीच या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल. कार्बनयुक्त वायू कमी दाबाखाली प्लाझ्मा अवस्थेत नेला, म्हणजे त्याचे रेणू फोडून विद्युतभारित केले, की त्यातील कार्बन थराथराने साचून हिरा वाढतो. त्या कार्बनमध्ये कार्बन-१४ असेल तर हिराच किरणोत्सारी होतो. विघटनातून सुटणारा बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, हिऱ्याच्या स्फटिकातून जाताना वाटेतील हजारो इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि सौरघटात प्रकाशामुळे जसा विद्युतप्रवाह निर्माण होतो तसा तो येथे या कणांमुळे होतो. हे कण इतके दुबळे असतात, की मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतक्या जाडीच्या हिऱ्यातही ते अडतात. त्यामुळे साध्या हिऱ्याचे पातळ आवरण घातले की बाहेरच्या माणसाला त्यांची बाधा होत नाही. शिवाय ब्रिटनच्या जुन्या अणुभट्ट्यांतील ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांत कार्बन-१४ साचलेला आहे, तेव्हा सांभाळण्याचे ओझे होऊन बसलेल्या कचऱ्यातूनच हे इंधन काढता येण्याजोगे आहे.

आता शक्तीचा हिशेब. कार्बन-१४चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, सुमारे ५,७०० वर्षांचे आहे. ब्रिस्टलच्या संशोधकांच्या अंदाजानुसार एक ग्रॅम कार्बन-१४ असलेली बॅटरी दिवसाला १५ जूल ऊर्जा देईल. नऊ वॅटचा एलईडी दिवा या दिवसभराच्या कमाईवर दोन सेकंदही जळणार नाही आणि घरगुती वीजबिलातील एक युनिट जमायला साडेसहाशेहून अधिक वर्षे लागतील. ही काही कारागिरीतील उणीव नव्हे. एका अणूच्या विघटनातून मिळणारी ऊर्जा ठरलेली असते. अणू हजारो वर्षे पुरवून पुरवून विघटित होणार असतील, तर दर सेकंदाला हाती पडणारा वाटा अल्पच राहणार. प्लुटोनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षांचे आहे आणि त्याच्या प्रत्येक विघटनातून कितीतरी अधिक ऊर्जा सुटते, म्हणून त्याच्या उष्णतेवर १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने अजूनही संदेश पाठवू शकतात. परंतु तीही दरवर्षी थोडी थोडी क्षीण होत चालली आहेत.

म्हणूनच अशी बॅटरी कधीतरी मोबाइल फोन चालवील या आशेने तिच्याकडे पाहणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. शरीरात बसवलेले उपकरण, खोल समुद्रातील मापक, अंतराळयानाची ओळख पटवणारा छोटा प्रक्षेपक अशा ठिकाणी वीज अगदी थोडी लागते, पण बॅटरी बदलायला पुन्हा जाणे जोखमीचे किंवा अशक्य असते. तेथेही उपकरणाला दीर्घकाळ झोपवून ठेवावे लागेल, थेंबाथेंबाने येणारी वीज धारित्रात, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकात, जमवावी लागेल आणि पुरेशी साठल्यावर एखाद्या क्षणापुरते मोजमाप करून संदेश धाडावा लागेल.